सूट, वळती आणि वाढ : घराची दुरुस्ती व भाड्याचा हिशेब

"तूर्त खर्च तुम्ही करून घ्या, पुढे भाड्यात पाहून घेऊ." घरमालक आणि भाडेकरू यांच्यात वादाचे बीज पेरणारे याहून निरुपद्रवी दिसणारे वाक्य सापडणे कठीण आहे. हे वाक्य बहुधा सद्भावनेनेच उच्चारले जाते. पावसाळ्यात छताला ओल येते, गिलाव्याचा पोपडा खाली पडतो, भाडेकरूच्या घरी लहान मूल असते आणि मालक परगावी असतो. अशा वेळी दूरध्वनीवर एवढे बोलणे होते आणि काम सुरू होते. पाच-सहा महिन्यांनी मात्र दोघांच्या मनांत दोन निरनिराळे हिशेब तयार झालेले असतात. भाडेकरूला वाटते, आपले लाख-सव्वा लाख रुपये मालकाकडे अडकून पडले आहेत. मालकाला वाटते, भाडेकरूने रंगरंगोटीची हौस आपल्या पैशाने भागवून घेतली.

आपल्या व्यापारी कुटुंबांत हा प्रश्न दोन्ही बाजूंनी येतो. पुण्यात मुलाच्या शिक्षणाच्या निमित्ताने घेतलेली सदनिका आज भाड्याने दिलेली असते. आणि त्याच वेळी गावच्या पेठेतील दुकान, कधी त्यामागचे राहते घरही, दुसऱ्याच्या मालकीचे असते. म्हणजे एकाच घरातील माणसे एका ठिकाणी मालक आणि दुसऱ्या ठिकाणी भाडेकरू असतात. म्हणून एकाच पक्षाची वकिली करून या विषयाकडे पाहणे आपल्याला परवडणारे नाही.

बँकेत असताना शाखांच्या जागांचे भाडेपट्टे आणि भाड्याच्या उत्पन्नावर दिलेली कर्जे, अशा दोन्ही प्रकारच्या कागदांशी माझा संबंध येत असे. भाडेपट्ट्यात जागेला रंग कोणी आणि किती वर्षांनी द्यायचा, इथपर्यंत लिहिलेले असे. कर्जाच्या कागदांत दुसरी बाजू दिसे. कित्येक मालकांच्या कर्जाचा हप्ता, तर कित्येक वृद्धांचा घरखर्च आणि औषधपाणी, त्याच भाड्यावर चाललेले असे. तेव्हा घर गळत असताना पूर्ण भाडे मागणे जसे अन्यायाचे, तसेच दुरुस्तीच्या नावाखाली भाडे एकदम बंद करणेही अन्यायाचेच होय.

या गुंत्याचे मूळ 'भाड्यात पाहून घेऊ' या शब्दांच्या तीन अर्थांत आहे. घराचा उपयोग होत नाही म्हणून भाडे कमी करणे, ही सूट. मालकाच्या वतीने केलेला खर्च भाड्यातून फेडून घेणे, ही वळती. आणि घर पूर्वीपेक्षा चांगले झाले म्हणून पुढे भाडे वाढवणे, ही वाढ. ही तीन स्वतंत्र खाती आहेत. ती एकाच पानावर मिसळली की कोणताही जमाखर्च जुळत नाही.

आधी जबाबदारी कोणाची?

भाड्याचा विचार करण्यापूर्वी दुरुस्ती कोणाच्या पदरात पडते, हे ठरवावे. छत, तुळया, गंजलेल्या सळया, भिंतीच्या आतील नळ, सांडपाण्याची मुख्य वाहिनी ही घराच्या अंगची कामे असून ती सामान्यतः मालकाची. नळाची चकती, दिवे, फुटलेली काच, भाडेकरूच्या वापराने तुंबलेली मोरी ही रोजच्या वापरातील कामे आणि ती सामान्यतः भाडेकरूची. भाडेकरूच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान कितीही मोठे असले तरी त्याचेच.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम १४ नुसार, करारात याविरुद्ध काही ठरलेले नसेल तर जागा राहण्याजोग्या सुस्थितीत ठेवण्यास मालक बांधलेला आहे. 'याविरुद्ध काही ठरलेले नसेल तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. छापील करारनाम्यात 'सर्व दुरुस्त्या भाडेकरूने स्वखर्चाने कराव्यात' अशी ओळ असते आणि ती न वाचताच सही केली जाते. सहीपूर्वीच त्या ओळीत 'किरकोळ' हा शब्द घालून, किती रुपयांपर्यंतचे काम किरकोळ समजायचे, तो आकडाही लिहून घ्यावा.

सदनिका सहकारी गृहनिर्माण संस्थेत असेल तर तिसरा पक्ष पुढे येतो. आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक नळ व सांडपाण्याच्या वाहिन्या, त्यांतून किंवा पावसामुळे होणारी गळती, तसेच गच्चीतून पाणी झिरपून सर्वांत वरच्या मजल्यावरील सदनिकेच्या छताचे व गिलाव्याचे झालेले नुकसान, यांची दुरुस्ती संस्थेने आपल्या खर्चाने करायची असते. मात्र भाडेकरू हा संस्थेचा सभासद नसतो. म्हणून संस्थेकडे लेखी तक्रार मालकानेच केली पाहिजे. तिची प्रत भाडेकरूला दिली, तर मालक स्वस्थ बसलेला नाही हे त्याला कळते आणि निम्मा राग तिथेच शमतो.

सूट : जेवढा उपयोग नाही, तेवढेच

दुरुस्तीच्या काळात घराचा काही भाग वापरता येत नाही. त्या दिवसांचे पूर्ण भाडे घेणे न्याय्य नव्हे, हे बहुतेक मालकांना मान्य असते. अडते ते 'किती कमी करायचे' यावर. याचा सरकारी दर नाही. तो परस्परांनी ठरवायचा असतो. त्यासाठी दिवसांचा हिशेब सर्वांत सोपा आणि निर्विवाद.

समजा, दोन शयनगृहांच्या सदनिकेचे भाडे महिना २४,००० रुपये, म्हणजे दिवसाला ८०० रुपये आहे. छताच्या कामासाठी एक खोली १८ दिवस बंद राहिली. तिच्यापोटी भाड्याच्या ३० टक्के सूट द्यायची असे कामाआधीच ठरले होते. दिवसाला २४० रुपये, म्हणून १८ दिवसांचे ४,३२० रुपये. पुढे स्नानगृहाची वाहिनी बदलताना चार दिवस पाणीच बंद होते आणि कुटुंबाला नातेवाइकांकडे राहावे लागले. त्या चार दिवसांचे पूर्ण भाडे ३,२०० रुपये. एकूण सूट ७,५२० रुपये. ती त्याच महिन्याच्या भाड्यातून दिली की हे खाते बंद झाले.

येथे एक सूचना करावीशी वाटते. टक्केवारी केवळ क्षेत्रफळावर ठरवू नये. स्वयंपाकघर आकाराने लहान असले तरी ते बंद झाले की घर जवळजवळ बंदच होते. बाहेरच्या जेवणाचा खर्च वेगळा. उलट, एक सज्जा महिनाभर बंद राहिला म्हणून पाव भाडे मागणेही शोभत नाही. आणि कंत्राटदाराने दहा दिवसांचे काम पंचवीस दिवस लांबवले, तर तेवढे दिवस सूट चालू राहील, हेही आधीच बोलून घ्यावे. तसे ठरले की कामावर लक्ष ठेवण्याची आठवण मालकाला आपोआप राहते.

वळती : पाव भाड्याची मर्यादा

खरा वाद होतो तो वळतीत. कलम १४ यासाठी एक मार्ग आखून देते. भाडेकरूने मालकाला दुरुस्तीची नोटीस द्यावी. पंधरा दिवसांत मालकाने काम केले नाही, तर भाडेकरू ते स्वतः करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो किंवा अन्य मार्गाने वसूल करू शकतो. भाडेकरूने ठेवलेला हिशेब आणि पावत्या या खर्चाचा निर्णायक पुरावा मानल्या जातात. मात्र कोणत्याही एका वर्षात अशी वळती किंवा वसुली त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापेक्षा अधिक असता कामा नये.

या पाव हिश्श्याच्या मर्यादेत मला मोठा व्यवहारी शहाणपणा दिसतो. भाडेकरूचे पैसे बुडू नयेत आणि मालकाची चूलही विझू नये, असा तो मध्य आहे. समजा, भाडे महिना २०,००० रुपये आणि मान्य खर्च १,२०,००० रुपये आहे. वर्षाचे भाडे २,४०,००० रुपये. त्याचा चौथा हिस्सा ६०,००० रुपये, म्हणजे महिना ५,००० रुपये. भाडेकरू दरमहा १५,००० रुपये देत राहील आणि २४ महिन्यांत त्याची रक्कम फिटेल. ज्या वृद्धेचे घर त्या भाड्यावर चालते, तिच्या हाती दरमहा पंधरा हजार येतच राहतील. याउलट भाडेकरूने सलग सहा महिने भाडेच दिले नाही, तर आकडा तोच फिटेल. पण ती वृद्धा सहा महिने कोणापुढे हात पसरणार? शिवाय भाडे थकवल्याचा ठपका येऊन भाडेकरूचे छप्परही धोक्यात येईल ते वेगळेच.

वळतीचा करार करताना तीन गोष्टी विसरल्या जातात. पहिली, मुदत. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा आणि वळती चोवीस महिन्यांची, हे जुळत नाही. एकतर कराराची मुदत वाढवावी, किंवा घर सोडताना उरलेली रक्कम मालकाने अनामत रकमेबरोबर रोख परत करावी, असे लिहावे. दुसरी, व्याज. भाडेकरूने एका परीने मालकाला कर्जच दिलेले असते. वरील उदाहरणात दरमहा सुरुवातीच्या शिलकेवर द.सा.द.शे. ९ दराने सरळव्याज धरले, तर चोवीस महिन्यांचे व्याज ११,२५० रुपये होते. ते घ्यायचे की सोडायचे हा दोघांचा प्रश्न. पण सोडायचे असेल तर 'बिनव्याजी' हा शब्द लिहावा, म्हणजे त्या उपकाराचीही नोंद राहते. तिसरी, अनामत रक्कम. 'डिपॉझिटमधून कापून घ्या' हा सोपा वाटणारा मार्ग टाळावा. ती रक्कम दुसऱ्याच कारणासाठी ठेवलेली आहे. ती दुरुस्तीत संपली, तर घर सोडण्याच्या दिवशी नव्या वादाला तोंड फुटते.

आता मर्यादा सांगतो. कलम १४ भाडेकरूंसाठी आहे. आज शहरांत बहुतेक घरे 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणजे परवाना कराराने दिली जातात. अशा रहिवाशाला या कलमाचा आधार सहजासहजी मिळत नाही. त्याचा खरा आधार म्हणजे त्याचा करारनामा. म्हणून पाव हिश्श्याची हीच पद्धत करारात उतरवून घेणे त्याच्या हिताचे. असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे कायद्याने बंधनकारक असून ती जबाबदारी मालकाची आहे. तसेच एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपनीला दिलेल्या जागेस हा अधिनियम लागू होत नाही. पेढीचे रूपांतर कंपनीत झाले असेल, तर हा मुद्दा आपल्या वकिलांना अवश्य विचारावा. तिथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ पाहावा लागतो. मालकाने जी दुरुस्ती करणे बंधनकारक आहे, ती नोटिशीनंतर वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेपट्टेदाराने ती करून खर्च व्याजासह भाड्यातून कापावा, अशी तरतूद त्यातही आहे.

मुंबईतील पागडीच्या जुन्या जागांत मात्र पाव हिश्श्याचे गणित निरुपयोगी ठरते. महिना ४०० रुपये भाडे असेल, तर वर्षाचे ४,८०० आणि त्याचा पाव हिस्सा १,२०० रुपये. छताचा खर्च काही लाखांत! तेवढ्या भाड्यात मालकही काही करू शकत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. अशा ठिकाणी सर्व भाडेकरू आणि मालक यांनी एकत्र बसून वर्गणीचे प्रमाण ठरवणे, आणि इमारत उपकरप्राप्त असेल तर म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे जाणे, हाच रस्ता उरतो.

वाढ : दुरुस्तीची नव्हे, सुधारणेची

काम संपले की काही मालक म्हणतात, "एवढा खर्च केला, आता भाडे वाढवा." येथे दुरुस्ती आणि सुधारणा यांतील भेद ध्यानी घ्यावा. गळके छत न गळणारे झाले, म्हणजे घर मूळ पदावर आले. भाडेकरू ज्या घराचे भाडे देत होता तेच घर त्याला परत मिळाले; त्यासाठी अधिक भाडे मागणे म्हणजे एकाच मालाचे दोनदा पैसे घेणे होय. पण जुन्या फरशीच्या जागी नवी फरशी, नवे ओटे व कपाटे, वाढीव खोली, ही सुधारणा आहे. तिच्यापोटी वाढ मागणे रास्त. मात्र ती भाडेकरूला हवी आहे का, हे आधी विचारले पाहिजे. नको असलेली सुखसोय माथी मारून तिचे मोल मागणे हा व्यापार नव्हे.

भाडे नियंत्रणाखालील जागेत मालकाला दरवर्षी चार टक्के वाढ करता येते. ती दुरुस्तीच्या वादात अडकवू नये आणि दुरुस्ती तिच्यात दडवू नये. परवाना करारातील वाढ करारानुसार चालते. दोन्ही ठिकाणी वाढ कोणत्या महिन्यापासून लागू होणार, ते वळती चालू असतानाच स्पष्ट करावे. भाडे २०,००० वरून २१,००० झाले, तर दरमहाची वळती ५,००० च राहणार की ५,२५०, असा साधा प्रश्नही पुढे कटुता आणू शकतो.

घर रिकामे करावे लागले तर

काही कामे माणसे आत असताना होतच नाहीत. भाडेकरूची भीती एकच असते : एकदा बाहेर पडलो की परत येणे नाही. ही भीती निराधार म्हणून झटकून टाकू नये. जागा रिकामी केल्याविना दुरुस्ती होणार नसेल, तर मालकाला न्यायालयामार्फत ताबा मागता येतो. पण दुरुस्तीनंतर त्याच जागेत परत येण्याचा हक्क भाडेकरूला त्याच अधिनियमाने दिला आहे. न्यायालयात न जाता समजुतीने बाहेर पडायचे असेल, तर परतीचा हक्क, अंदाजे तारीख, जागेचे मोजमाप आणि तोवर भाडे बंद राहील ही गोष्ट कागदावर घेऊनच किल्ली द्यावी. प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढून ठेवावीत.

महानगरपालिकेने इमारत धोकादायक ठरवली असेल, तर भाड्याचा वाद बाजूला ठेवून आधी जीव वाचवावा. मुंबईत 'सी-१' वर्गातील इमारत पाडण्यासाठी रिकामी करावी लागते. 'सी-२ ए' मध्ये ती रिकामी करून मोठी दुरुस्ती करावी लागते. अशी नोटीस आल्यावर 'इतकी वर्षे उभी आहे, आणखी एक पावसाळा काढेल' हे म्हणणे धोक्याचे आहे. जागेच्या क्षेत्रफळाची अधिकृत नोंद मिळवावी आणि बाहेर पडावे. सामान पुन्हा जमवता येते.

कराच्या वहीत काय लिहावे?

येथे सूट आणि वळती यांतला भेद पुन्हा कामी येतो. सूट दिली, तर भाडेच कमी झाले. तिचा कागद जपून ठेवावा. वळतीत भाडे कमी होत नाही. वरील उदाहरणात मालकाच्या बँक खात्यात वर्षाला १,८०,००० रुपये आले, तरी त्याचे भाड्याचे उत्पन्न २,४०,००० रुपयेच आहे. उरलेले ६०,००० त्याचे देणे फिटण्यात गेले. दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च घरभाड्याच्या उत्पन्नातून वेगळा वजा होत नाही, कारण त्यासाठीच प्राप्तिकरात सरसकट ३० टक्के प्रमाणित वजावट दिलेली आहे. खर्च एक रुपया असो वा दोन लाख, वजावट तेवढीच. त्यामुळे केवळ १,८०,००० दाखवून वर ३० टक्के घेतले, तर एकाच खर्चाची दोनदा वजावट घेतल्यासारखे होते.

म्हणून भाड्याची पावती नेहमी पूर्ण रकमेची असावी : 'भाडे २०,००० रुपये, पैकी बँकेद्वारे १५,०००, दुरुस्ती खात्यात वळते ५,०००, शिल्लक देणे इतके.' अशा पावतीने मालकाचे विवरणपत्र, नोकरदार भाडेकरूचा घरभाडे भत्ता आणि उद्गम कर कापावा लागत असेल तर त्याचा आकडा, तिन्ही एकमेकांशी जुळतात.

एक पानाचे टिपण

एवढे सारे वाचून वकिलांकडे मोठा दस्तऐवज करण्याची दरवेळी गरज आहे असे नाही. काम सुरू होण्यापूर्वी एका पानावर पुढील आशयाचे टिपण करून दोघांनी सही करावी आणि मूळ कराराला जोडावे. मोठी रक्कम किंवा लांब मुदत असेल तर मात्र ते वकिलांना दाखवावे.

"छताची गळती व सळयांची दुरुस्ती, सोबतच्या अंदाजपत्रकाप्रमाणे, कमाल १,२०,००० रुपये. याहून अधिक खर्च मालकाच्या लेखी संमतीविना केल्यास तो भाडेकरूचा. रक्कम कंत्राटदारास बँकेद्वारे दिली जाईल व पक्की बिले मालकास मिळतील. एक खोली बंद असेल त्या दिवसांपुरती भाड्यात ३० टक्के सूट. घर राहण्यायोग्य नसेल त्या दिवसांचे भाडे नाही. खर्च दरमहा ५,००० रुपयांप्रमाणे बिनव्याजी वळता होईल. मुदतीपूर्वी घर सोडल्यास शिल्लक रक्कम किल्ली देण्याच्या दिवशी परत. या दुरुस्तीपोटी भाडेवाढ नाही."

दोन अंदाजपत्रके मागवावीत. शक्यतो एक मालकाच्या ओळखीच्या आणि एक भाडेकरूच्या ओळखीच्या कंत्राटदाराचे. कामाआधीची आणि कामानंतरची छायाचित्रे घ्यावीत. कामगारांना दिलेल्या रोख रकमेची तारीखवार नोंद ठेवून सही घ्यावी. आणि वळती चालू असेतोवर वर्षातून एकदा, दिवाळीला पेढीच्या वह्या बदलतात त्या सुमारास, दोघांनी शिल्लक मांडून ती मान्य असल्याची सही करावी.

नात्यातल्या किंवा समाजातल्या माणसाशी असा कागद करताना संकोच वाटतो. 'आपल्याच माणसाकडून लिहून काय घ्यायचे?' असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पेढीवर सख्ख्या भावाच्या नावेसुद्धा खाते असते, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. लिहून ठेवल्याने अविश्वास दिसत नाही. उद्या स्मरणशक्तीने दगा दिला, किंवा दोघांपैकी एक जण हयात राहिला नाही, तर मागे राहणाऱ्यांना भांडावे लागत नाही. मालकाच्या पश्चात त्याच्या मुलांना तोंडी बोलणे ठाऊक नसते आणि भाडेकरूपाशी आठवणीखेरीज पुरावा नसतो. अशा प्रसंगी दोन घरांची अनेक वर्षांची ओळख एका छताच्या खर्चापायी तुटते.

दिलेल्या किंवा घेतलेल्या प्रत्येक घराचा करारनामा या आठवड्यात कपाटातून बाहेर काढावा आणि त्यातील दुरुस्तीची ओळ एकदा वाचावी. ती नसेल, किंवा संदिग्ध असेल, तर छत कोरडे आहे तोवरच ती दुरुस्त करून घ्यावी.